फेब्रुवारीतल्या करंज्या

त्यांचं खरं नाव शमुवेल. पण इंदापुरात त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वीज खात्यात वायरमन म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणा शेतकऱ्यानं "शामराव, आमच्या डीपीचं तेवढं बघा," म्हटलं, आणि ते शामराव झाले ते झालेच. रेशनच्या दुकानात शामराव, दवाखान्यात शामराव, स्टँडवरच्या चहावाल्याकडे शामराव. कुणी "राम राम शामराव" म्हटलं की तेही हात वर करून "राम राम" म्हणत आणि दोन पावलं पुढं गेल्यावर मला हळूच सांगत, "बायबलातला माणूस हाय मी, ताई. पण ह्यांना कोण सांगणार?" त्यात तक्रार नसे. गंमतच जास्त असे.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले ती कृषी कार्यालयात बदली झाली म्हणून. नवरा नाशकात नोकरीला, मी इथं दोन खोल्यांत एकटी. आमच्या अंगणांमधली भिंत कमरेइतकीच उंच होती. पलीकडे शामराव राहत, मी त्यांना काका म्हणे; तेही एकटेच. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा आशिष पुण्यात, एका कंपनीत.

काका उंच, सडपातळ. शर्ट रोज स्वतः इस्त्री केलेला आणि खिशात टेस्टर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी टेस्टर सुटला नव्हता. संध्याकाळी दिवेलागणीला ते फाटकाशी येऊन उभे राहत आणि गल्लीतले दिवे लागलेत का ते बघत. एखाद्या घरात अंधार दिसला की चालत जाऊन कडी वाजवत. "लाइट गेलीय का माणसं गेल्यात?" बहुतेक वेळा माणसं गावाला गेलेली असत. तरी ते बघून येत.

अंगणात डालड्याच्या जुन्या डब्यांत त्यांनी शेवंती लावली होती. पिवळी, पांढरी, आणि एक विटकरी रंगाची, जी त्यांना फार आवडे. डिसेंबरात ती फुलून आली की ते मला भिंतीवरून बोलावून दाखवत आणि एकच शब्द म्हणत, "सजलं." चांगलं काही दिसलं की त्यांचा हाच शब्द. नव्या साडीतली पोस्टमनची बायको, धुऊन आणलेला कुणाचा बैल, बेकरीतल्या भट्टीतून निघालेला केक, सगळं सजलेलं.

त्या केकचीही एक तऱ्हा होती. पीठ काका घरी कालवत. रवा, दही, जायफळ, भरपूर काजू. मग तो डबा सायकलच्या हँडलला अडकवून स्टँडजवळच्या मुलाणी चाचांच्या बेकरीत नेत. चाचा आपल्या भट्टीत तो भाजून देत. एकदा मी सोबत होते. चाचा म्हणाले, "शामराव, तुमचा डबा आला की आमाला कळतं, साल संपलं."

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "ताई, हात रिकामं हायत का?"

मी गेले. स्वयंपाकघरात सतरंजी अंथरलेली. पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली. परातीत खोबरं, खसखस आणि पिठीसाखरेचं सारण, त्याला वेलचीचा घमघमाट. काका पोळपाटासमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या कपाळाला पीठ लागलं होतं.

"ह्ये एकट्याचं काम न्हाय," ते म्हणाले. "एकानं लाटायचं, एकानं भरायचं, एकानं कातायचं, एकानं तळायचं. मी भरतोय तोवर लाटलेली सुकती. तळाय उठलो की हितं मुंग्या."

मी भरायला बसले. काका लाटता लाटता सांगत होते. पूर्वी नाताळ जवळ आला की या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. काकूंच्या बहिणी पळसदेवहून येत, सासूबाई येत, छोटा आशिष कातणं फिरवायला मिळावं म्हणून भांडे. आणि घरात एक नियम होता. ज्यानं भरलेली करंजी तेलात फुटेल, त्यानं गाणं म्हणायचं. काकूंची कधीच फुटत नसे. काकांची मात्र दरवर्षी फुटे. "मुद्दाम फोडायचो मी," ते म्हणाले. "मला गायला कोण सांगणार दुसरं?"

त्या दिवशी माझीच फुटली. सारण तेलात पसरलं आणि काका झारा धरून माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणा."

"काका, मला नाताळाचं गाणं येत नाही."

"कुठलंबी चालतं. नियम गाण्याचा हाय."

मी शाळेत शिकलेलं पावसाचं एक गाणं म्हटलं. त्यांनी झाऱ्यानं कढईवर ताल धरला. मग संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरी ताट गेलं, प्रत्येक ताटावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. घरात एक माणूस, पण करंज्या तेवढ्याच, पूर्वी होत तेवढ्याच. मी विचारलं तर म्हणाले, "कमी करायचं हाताला जमत न्हाय."

त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर बारामतीला चर्चमध्ये गेले. इंदापुरात तेव्हा ख्रिस्ती घरं दोन-तीनच, त्यामुळे उपासनेला बारामतीच गाठावी लागे. सकाळच्या एसटीत काका काळा कोट आणि टाय घालून बसले होते. निमगाव केतकीला एक ओळखीचे तात्या चढले. "शामराव, लग्नाला का?"

"व्हय, लग्नालाच," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघून हसले.

चर्चच्या दारात मात्र ते शमुवेलभाऊ होते. सगळे "सलाम, सलाम" म्हणत हात मिळवत होते. गाणी सुरू झाली तेव्हा काकांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. जाडाभरडा, खालच्या पट्टीतला आवाज, बाकीच्यांच्या आवाजांखाली जोत्यासारखा. उपासना संपली आणि अंगणात रंगीत साड्या, नवे फ्रॉक, फुगे, फोटो यांची गर्दी झाली. प्रत्येक कुटुंब आपापला घोळका करून उभं. काका एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे जात, हात मिळवत, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवत. तीन-चार जणांनी तरी आग्रह केला, "शमुवेलभाऊ, जेवायला आमच्याकडेच चला."

प्रत्येकाला ते एकच सांगत होते. "न्हाय ओ, घरी पाहुणं येणार हायत."

हळूहळू मोटारसायकली सुरू झाल्या, रिक्षा निघाल्या. अंगण रिकामं होईपर्यंत काका फाटकाशी थांबले. शेवटच्या कुटुंबाला हात करून झाल्यावर मग आम्ही स्टँडकडे निघालो.

एसटीत बसल्यावर मी विचारलं, "काका, कोण पाहुणे येणार आहेत?"

त्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "कुणी न्हाय. दुसऱ्याच्या भरल्या घरात आजच्या दिवशी घास उतरत न्हाय, ताई. म्हणून म्हटलं तसं. पण खोटं बोललो, आणि तेबी आजच." "तुमीच या की जेवायला. म्हणजे खोटं ठरायचं न्हाय."

तो पाहुणचार मी विसरणार नाही. आदल्या दिवशी पळसदेवला जाऊन त्यांनी धरणातली चिलापी आणली होती, हळद-मीठ लावून ठेवली होती. काकूंचं माहेर तिथलं, म्हणून नाताळाला त्या घरात मासेच होत. तव्यावर कुरकुरीत भाजलेले तुकडे, चिंच घातलेलं लाल कालवण, गरम भाकरी. ताटं वाढून झाल्यावर काकांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मी चकित झाले. दिवसभर 'हाय' आणि 'न्हाय' बोलणारा माणूस एकदम पुस्तकातलं मराठी बोलू लागला. "हे प्रेमळ पित्या, या अन्नाबद्दल आणि आमच्याबरोबर बसलेल्या या भगिनीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो." आम्ही! खोलीत ते एकटेच प्रार्थना करणारे होते. पण प्रार्थनेतलं ते 'आम्ही' त्यांनी बदललं नव्हतं.

जेवताना मी आशिषबद्दल विचारलं. भांडण झालंय असाच माझा समज होता.

"भांडण कशाला?" ते म्हणाले. "दर आठवड्याला फोन करतो. औषधं धाडतो. पण त्यो आता नाताळ पाळत न्हाय."

मला कळेना. ते समजावू लागले. पुण्यात आशिष एका वेगळ्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला होता. प्रार्थना, उपास, वाचन सगळं काटेकोर. पण त्यांच्या शिकवणीत नाताळ बसत नाही. ही तारीख बायबलात कुठं नाही, चांदणी नाही, केक नाही, ही सगळी माणसांनी घातलेली भर, असं ते मानतात. म्हणून पंचवीस तारखेला आशिष कामावर जातो.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" त्यांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "पटलं न्हाय तर वाकू नको, ह्ये मीच शिकवलंय त्याला."

पुढच्या वर्षी आशिष आला. नाताळाच्या आठवडाभर आधी, बायको आणि मुलीसह. काकांचा गुडघा धरला होता म्हणून आला. मी भिंतीवरून बघत होते. शांत, नम्र माणूस. आल्या आल्या त्यानं न्हाणीघराच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवली, पत्र्यावरचा पाला काढला, बापाचे पाय चेपले. सून प्रिया सांगवीची, तिनं घर पुसून लख्ख केलं. नात एस्तेर शेवंतीच्या डब्यांभोवती पळत होती.

ओसरीवर काकांनी स्वतः कामट्या बांधून, लाल कागद चिकटवून केलेली चांदणी टांगलेली होती. एस्तेरनं विचारलं, "आजोबा, हे काय आहे?"

काका उत्तर द्यायच्या आधी आशिष बाहेर आला. आवाज न चढवता म्हणाला, "पप्पा, आम्ही आहोत तोवर ती उतरवली तर चालेल का? तिला एक सांगायचं आणि इथं दुसरं दिसायचं, तिचा गोंधळ होतो."

काकांनी मान हलवली. आशिष स्टूल आणायला गेला, पण दुखऱ्या गुडघ्यानं काकाच त्यावर चढले आणि वायर सोडवू लागले. "शॉक बसंल तुला," म्हणाले. "मला सवय हाय." मेन स्विच त्यांनी आधीच बंद केला होता.

दुपारी करंज्यांचा डबा पुढं केला तेव्हाही तसंच. आशिषनं डब्याला आदरानं हात लावला आणि तो मागे सारला. "नाताळासाठी म्हणून केलेलं आम्ही घेत नाही, पप्पा. मनात धरू नका." एस्तेर डब्याकडे बघत होती. काकांनी झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. मग तिला घेऊन बेकरीत गेले आणि खारी आणली.

ते पुण्याला परत गेले त्या संध्याकाळी मी काकांकडे गेले. ते खुर्चीत बसले होते. त्या दिवशी गल्लीतले दिवे बघायला ते फाटकाशी आले नाहीत. मला वाटलं, आता ते मुलाबद्दल काही कडू बोलतील. ते म्हणाले, "पोरगी आजीसारखी हसती. दात पण तसंच." एवढंच.

जानेवारी गेला. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी कार्यालयातून येते तो काकांच्या घरातून जायफळाचा वास. भिंतीवरून डोकावले तर परात धुऊन पालथी घातलेली, खोबरं किसून वाळत टाकलेलं.

"काका, हे काय आता?"

"उद्या आशिष येतोय. मीच बोलावलंय, सगळ्यांना." ते खोबरं परतवत होते, मान वर न करता. "उद्या कसला सण हाय, सांगा?"

मी आठवून पाहिलं. "कसलाच नाही."

"तेच तर. मी क्यालिंडर बघूनच बोलावलंय."

शनिवारी त्यांनी मलाही हाक मारली. पुन्हा तीच सतरंजी. आशिष दारात थबकला. परात, पोळपाट, सारण बघून त्याला सगळं समजलं असणार. तो बापाकडे बघत राहिला. काका म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचं काय काय विसरायला लागलोय मी. हात चालता हाय तोवर सुनंला दाखवून ठेवतो. तुला येळ हाय का?"

आशिष खाली बसला. त्यानं कातणं उचललं.

मग ती खोली भरली. प्रिया लाटत होती, मी आणि काका भरत होतो, आशिष कातत होता, एस्तेर कडा दाबायला बसली होती आणि दाबण्यापेक्षा सारण जास्त खात होती. नंतर आशिषच तळायला उठला. आणि थोड्या वेळात कढईत एक करंजी उघडली.

"कुणाची?" प्रियानं विचारलं.

आशिषनं झाऱ्यावर ती उचलून पाहिली. कड वेडीवाकडी होती, एस्तेरनं दाबलेली. काका मान खाली घालून सारण भरत राहिले. नियम प्रियाला ठाऊक नव्हता, एस्तेरला नव्हता. खोलीत तो दोघांनाच ठाऊक होता, आणि तिसरी मी.

"माझी," आशिष म्हणाला. मग हसला, आणि कढईकडे तोंड करून गायला लागला. नाताळाचं गाणं नव्हतं ते. काकू त्याला झोपवताना म्हणत ती अंगाई होती, हे मला काकांनी नंतर सांगितलं. आवाज थेट बापाचा, खालच्या पट्टीतला. दुसऱ्या ओळीला काकाही त्यात मिसळले. एस्तेर एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होती.

त्या दिवशी सगळ्यांनी करंज्या खाल्ल्या. मासे खाल्ले, केक खाल्ला. मुलाणी चाचांनी फेब्रुवारीत डबा आलेला बघून विचारलं होतं म्हणे, "शामराव, औंदा साल लवकर संपलं का उशिरा?" निघताना आशिषनं एक डबा मागून घेतला. काकांनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

मला वाटलं होतं, सगळं मिटलं. पुढच्या डिसेंबरात आशिष येईल. पण तसं काही झालं नाही. पंचवीस तारखेला आशिष कामावर गेला आणि काका एकटे एसटीनं बारामतीला गेले. काकांनी त्याला बोलावलंही नव्हतं. मी रागावून विचारलं, "एकदा म्हणून तर बघायचं!"

"न्हाय म्हणताना त्याला तरास होतो," ते म्हणाले. "माझ्यापायी कशाला द्यायचा? फेब्रुवारी हाय की आमचा."

तो फेब्रुवारीही झाला. त्यानंतर माझी बदली बारामतीला झाली. फोन होत, भेटी कमी झाल्या.

दोन वर्षांनी, जानेवारीत, एका सकाळी आशिषचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी इंदापूरला पोचले तेव्हा अंगणात गल्ली जमली होती आणि कुणी "शामराव" म्हणून तर बारामतीहून आलेलं कुणी "शमुवेलभाऊ" म्हणून रडत होतं. सगळं उरकल्यावर आशिष स्वयंपाकघरात फळ्या आवरत होता. एका पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, खसखस, वेलचीची पुडी.

"हे एवढं कशाला आणून ठेवलं होतं पप्पांनी?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "फेब्रुवारीसाठी."

तो ती पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. मग ती आपल्या सामानात ठेवली. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. "केल्या आम्ही, ताई. तिघंच होतो. फार काही जमल्या नाहीत."

मी काकांना शेवटचं पाहिलं ते ते जाण्याआधीच्या पंचवीस डिसेंबरला. बारामतीच्या स्टँडवर मी माझ्या भावाला सोडायला गेले होते. शेजारच्या फलाटाला इंदापूरची गाडी उभी होती आणि मधल्या खिडकीत काका होते. काळा कोट, टाय. उपासना आटोपून घरी निघाले होते. गाडी अर्धी रिकामी, त्यांच्या शेजारची जागा मोकळी. मी हाक मारली, पण स्टँडवरच्या गोंगाटात ती पोचली नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लहानसा कंगवा काढला. खिडकीची काच ओढून तिच्यात आपलं तोंड बघत विरळ झालेले केस एका बाजूला नीट बसवले. टायची गाठ सैल झाली होती, ती वर सरकवून घट्ट केली. कॉलरवरून बोट फिरवलं. मग कंगवा ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन ते ताठ बसले, समोर बघत, आणि गाडी इंदापूरकडे निघाली.